पायाची गोळी

“काहीतरी जळतंय गं. गॅसवर दूध राहिलंय का बघ.”

सून नुकतीच कामावरून आली होती, चप्पलही अजून काढली नव्हती. तिने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. गॅस बंद होता. वास बाहेरच्याच खोलीत होता. सासूबाई खुर्चीत बसून मटार सोलत होत्या, शेजारी पाळण्यात तान्ही नात झोपली होती. आणि सासूबाईंचा डावा पाय टेबलाखालच्या हीटरला टेकला होता. नायलॉनचा मोजा वितळून कातडीला चिकटला होता.

सुनेने धावत जाऊन हीटरचं बटण बंद केलं, पाय ओढून घेतला.

सासूबाई वाकून दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशा बघत राहिल्या. “अगंबाई! मोजा नवा होता की.”

पोरीला शेजारणीकडे देऊन दोघी दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाई कात्री घेऊन बसल्या.

“दुखलं तर सांगा हं, आजी.”

“सुरू केलंत का?”

“पायात रक्तच पोचत नाहीये, म्हणून चटका कळत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यासाठी गोळी दिली होती ना मी?”

“बंद केली. ती घेतली की प्रेशर उतरतं. आधीच माझं बेताचं.” सासूबाईंनी सुनेकडे पाहणं टाळलं. “पोरीला अंघोळ घालताना डोळ्यांपुढे अंधार आला. हातातून निसटलीच होती. बादलीवर डोकं आपटायचं, थोडक्यात वाचली. पाय काय, माझा आहे. पोर हिची.”

रोज सकाळी सून याच हातांत पोरीला सोपवून बिनघोर निघत होती.

“अहो, मग मला सांगायचं!” डॉक्टरीणबाई उखडल्या. “मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. मनाने बंद कसली करता? पाय वाचेल, नशीब समजा.” त्यांनी अर्धी गोळी लिहून दिली, प्रेशर रोज मोजायला बजावलं.

“तुम्हाला सांगितलं असतं, तर हिला कळलं असतं. नोकरी सोडून घरी बसली असती.”

‘काहीतरीच काय, आई,’ म्हणायला सुनेने तोंड उघडलं. त्याऐवजी तिने सासूबाईंचा दुसरा, धड असलेला पाय ओंजळीत घेतला. गारठलेला होता. ती तो घट्ट धरून बसली.

पाय कुणी धरलाय याचा सासूबाईंना पत्ता नव्हता. त्या दाराकडे बघत म्हणाल्या, “चल गं, पोर उठली असेल.”