बिस्किटांचा पुडा

झारखंडच्या गाडीतून उतरलेली ती मुलगी स्टेशनवरच्या आमच्या मदतकेंद्रात उभी होती. मराठी तिला कळत नव्हतं, हिंदीही जेमतेम. पण वय विचारताच स्वच्छ मराठीत म्हणाली, “अठरा पूर्ण. स्वखुशीने आले.”

“भाची आहे माझी,” सोबतचा माणूस म्हणाला. त्याने तिचं आधार कार्ड पुढे केलं. त्यावरही अठराच.

हवालदारांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “पंधराचीही वाटत नाही, ताई. पण कागद बरोबर आहेत. कसं अडवायचं?”

मी हेल्पलाइनच्या नंबरची चिठ्ठी बिस्किटांच्या पुड्यात सरकवली आणि खायची खूण करून पुडा तिला दिला.

तिने ओठांवरून जीभ फिरवली. मग सवयीने तो तसाच मामाच्या हातात ठेवला.