वेळ छापायची नाही

डोब्रीची शवपेटी बाहेर पडली तेव्हा त्याचा धाकटा भाऊ तान्यो कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आतल्या दाराआड उभा राहिला. सख्ख्या भावाच्या मागून चार पावलंही चालता येऊ नयेत, याचा त्याला राग आला होता. दोघा भावांचा आवाज इतका सारखा, की फोनवर खुद्द डोब्रीची बायको फसायची. आता फसायला एकच आवाज उरला होता.

"भावोजी, मारू नका हं कुणाला," घराला बाहेरून कुलूप लावण्याआधी रुसकावहिनी हळूच म्हणाली होती. "फक्त तोंड बघा. आणि मला एकटीला सांगा."

तुर्की सीमेच्या रस्त्यावर कॅसिनो उभे राहिल्यापासून गावात घरं फुटायची ती दफनाच्याच वेळी. कोणी गेलं की खांबाखांबावर पत्रकं लागायची. फोटो, वय, दफनाची वेळ. घर कधी रिकामं असणार हे चोराला छापूनच मिळायचं. शेजारची नोन्का नवऱ्याला माती देऊन परतली तर मेजावरचे काटेचमचेसुद्धा गायब. तेव्हापासून गावाने वेळ छापणं सोडलं. आता वेळ तोंडीच सांगितली जायची, तीही फक्त आपल्या माणसांना. डोब्रीची वेळ अकरा घरांना ठाऊक होती, आणि शहरात राहणाऱ्या त्याच्या मुलाला, व्हेलिनला. व्हेलिन फोनवर म्हणाला होता, बस बंद पडलीय, माझ्यासाठी थांबू नका.

चर्चची घंटा थांबली. फाटक उघडलं, पण करकरलं नाही. जरा उचलून धरलं की ते करकरत नाही, हे घरच्यांनाच माहीत. मग कुलपात किल्ली फिरली, आणि आलेल्या माणसाने उंबऱ्यापाशी बूट काढले. तान्योने दांडा घट्ट धरला. चोर कधी बूट काढतो?

पावलं सरळ पेटाऱ्याकडे गेली. रुसकाच्या आजीपासून चालत आलेली सोन्याच्या नाण्यांची माळ खुळखुळली. तान्योने फटीतून पाहिलं. व्हेलिन होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. दांड्यावरची तान्योची मूठ आपोआप सैल झाली.

जाता जाता व्हेलिन मेजापाशी थबकला. तिथे मेणबत्ती होती, बापाचा फोटो होता, ताटलीत साखर पेरलेले उकडलेले गहू होते. त्याने चमचाभर तोंडात टाकले आणि गेलेल्याच्या नावाचे गहू खाल्ले की म्हणायचं ते लहानपणापासूनच्या सवयीने पुटपुटला, "देव त्याला क्षमा करो."

हे शब्द कानावर पडले की ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचे असतात. तान्योच्या तोंडून ते निघूनच गेले. "देव त्याला क्षमा करो."

व्हेलिन वळला नाही. तो फोटोकडेच बघत राहिला.

"बाबा?"

तान्यो दाराच्या फटीशी आणखी सरकला.

"एकदाच, बाबा," व्हेलिन म्हणाला. "आज जिंकलो की सोमवारी परत आणून ठेवतो. नोन्काकाकूचं राहिलं ते राहिलं. हे नक्की ठेवतो."

"ठेव ते, चिमण्या."

तान्यो स्वतःच दचकला. गळा त्याचाच होता. पण या पोराला चिमण्या म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो आत्ता खड्ड्यात उतरत होता. तान्योने उभ्या जन्मात ते नाव कधी तोंडात घेतलं नव्हतं.

माळ फरशीवर पडली. व्हेलिन मोज्यांवरच पळत सुटला.

लोक परतले. रुसका सगळ्यांच्या पुढे होती. तिने उंबऱ्यापाशी काढलेले बूट पाहिले. गेल्या हिवाळ्यात तिनेच घेऊन दिलेले.

"वहिनी, तोंड..." तान्यो म्हणाला.

"नका सांगू." तिने ते बूट पायानेच लाकडांच्या ढिगामागे सारले. मग हाताच्या पाठीने डोळे पुसून ती पाहुण्यांकडे वळली.

थोड्या वेळाने व्हेलिन फाटकातून आला, मोजे चिखलाने भरलेले. बसमध्ये डोळा लागला आणि कोणीतरी बूट पळवले, असं तो म्हणाला.

"हल्ली कशाचीच खात्री राहिली नाही बाबा," नोन्का हळहळली.

रुसकाने डोब्रीचे जोडे आणून त्याच्यापुढे ठेवले. "घाल. लोक बघतायत." ते त्याला नेमके बसले.

नोन्काने गव्हाची ताटली त्याच्यासमोर धरली. त्याने चमचाभर गहू घेतले, तोंडात टाकले, गिळले. सगळे थांबले. व्हेलिनची नजर आतल्या दारावर खिळली होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"म्हण ना रे पोरा," नोन्का मायेने म्हणाली. "आम्ही उत्तर द्यायला थांबलोय."