बिल्ला

साखर कारखान्याच्या कच्च्या धावपट्टीवरून विमान उडालंच नाही, सरळ उसात घुसलं. तात्या चपला टाकून धावले. वैमानिकाच्या जागेवरून त्यांची लेक रेवती उतरली, मागून चेअरमन. कुणाला खरचटलंही नव्हतं. पंखा तेवढा वाकला होता.

"ओल्या मुरमात चाकं रुतली. वेग येईना, म्हणून ब्रेक मारले," रेवती म्हणाली.

"जरा रेटलं असतं तर उडालं असतं!" चेअरमन कपडे झटकत कडाडले. "पोरीच्या हातात दिलं की असंच व्हायचं." बघायला जमलेला गाव खुदखुदला.

रेवतीनं मान खाली घातली. "तात्या, तुमच्यासमोरच अपघात झाला माझ्या हातून."

तात्या निवृत्त एसटी ड्रायव्हर. लेकीच्या मानाचा दिवस म्हणून विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीवर लावून आले होते. त्यांनी उसाच्या शेंड्यांपलीकडे बोट दाखवलं. तिथं विजेच्या जाडजूड तारा लोंबत होत्या.

"रेटलं असतं, चेअरमनसाहेब, तर परवा तुमची राख सावडायला आलो असतो."

गावाच्या माना तारांकडे वळल्या. तात्यांनी बिल्ला काढला आणि लेकीच्या शर्टावरच्या सोनेरी पंखांशेजारी लावला.

"ह्यो काय मला गाडी पळवून मिळाला न्हवता, पोरी."