पाइपाचं तोंड

पाइपाच्या वळणाचा तुकडा, एल्बो, तिसऱ्यांदा काढून बसवला, तरी नळवाल्याच्या मनासारखा सांधा जमेना. सगळं पहिल्यासारखंच व्हायला हवं होतं. पाइप तोच, सांडपाण्याचा, राखाडी, स्वस्तातला. वळणं तीच. बॉनेटच्या बाजूने निघून काचेच्या कडेने थेट टपापर्यंत चढणारा. इंजिनाने हवा वरून ओढायची, म्हणजे रस्त्यात पाणी असलं तरी त्याच्या घशात थेंब जात नाही.

असाच पाइप त्याने आधीच्या गाडीला केला होता. घराकडे येणारा पुलाखालचा रस्ता जरा पाऊस झाला की भरायचा, आणि बायकोचा दमा काही पाणी ओसरेपर्यंत थांबणारा नव्हता. घरात पाइपांचा ढीग पडलेला असताना विकतचा कशाला, म्हणून याने तो स्वतः जोडला आणि भेटेल त्याला कौतुकाने दाखवला.

गाडी बंद पडली ती नेमकी त्याच पुलाखाली. हा दूरच्या कामावर होता, गाडी मुलगा चालवत होता आणि मागे आईला धाप लागली होती. मांडीभर पाण्यातून तिला खांद्यावर घेऊन पोरगा दवाखान्यात पोचला, पण उशीर झाला होता. नळवाला धावतपळत आला तेव्हा पोरगा बाकावर बसून होता. पिवळ्या फुलांच्या कापडाचा ओला बोळा मुठीत धरून त्यानेच डोळे पुसत होता.

गाडी कशी बंद पडली, एवढंच नळवाल्याने विचारलं. दोनदा खोकल्यासारखी झाली आणि गप्प झाली, मुलगा म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "माझा पाय उचलला गेला, बाबा."

पाण्यात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही, नाहीतर सायलेन्सरमधून पाणी आत शिरतं, हे याने त्याला शंभरदा बजावलं होतं. त्या दिवशी त्याने आधी पाइप फोडला, मग गाडी भंगारात घातली आणि शेवटी पोराला घराबाहेर काढलं.

लेकीचा मात्र जीव तुटत होता. भाऊ आता बोटीवरच्या कामाला चालला होता. एकदा गेला की परत यायचा नाही, हे ती ओळखून होती. तिने बापाचं डोकं खाल्लं. पाइपातच खोट असेल तर? तुम्हीच केलेला म्हणून तो देवाघरचा झाला का? नळवाला हट्टाला पेटला. तसलीच दुसरी जुनी गाडी आणली आणि म्हणाला, "तस्साच पाइप करतो. पाण्यात बंद पडली, तर त्याचे पाय धरून घरी आणीन. नाही पडली, तर त्याचं नाव काढायचं नाही."

लेक 'बरं' म्हणाली आणि अंगणातले पाइप आवरायला लागली. त्या घरात माणसं थोडी आणि पाइप फार, त्यामुळे उंदरांची चंगळ. एकदा पाइपातून पिल्लं निघाल्यापासून आईने धसकाच घेतला होता. जुन्या चादरी फाडून बोळे करायची आणि दिसेल त्या पाइपाचं तोंड बंद करून टाकायची. नळवाला चिडवायचा, की माझं तोंड तेवढं राहिलंय. आई गेली, पण बोळ्यांची पिशवी लेकीने जपून ठेवली होती.

पाऊस झाला, रस्ता भरला. लेकीने निरोप धाडला म्हणून मुलगा पुलाशी तिच्याशेजारी येऊन उभा राहिला, खांद्यावर बॅग. नळवाल्याने त्याच्याकडे न बघता गाडी पाण्यात घातली. पलीकडे गेला, वळवून परत आला. इंजिन एकदासुद्धा अडखळलं नाही.

मुलगा पाण्याकडे बघतच नव्हता. तो टपावरच्या पाइपाच्या उघड्या तोंडाकडे बघत होता.

"चांगला झालाय पाइप," तो म्हणाला.

"म्हणजे खोट कुणाची?"

मुलाने बहिणीकडे पाहिलं, मग बापाकडे. काहीतरी ओठांवर आलेलं त्याने गिळलं. "माझीच, बाबा. पाय उचलला गेला." आणि तो निघाला. लेक तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडली.

जिंकल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. नळवाल्याला घास जाईना. गाडी अंगणात उभी करून तो नुसता छताकडे बघत पडून राहायचा. बायको गेली तेव्हा भांडायला निदान पोरगा तरी होता. आता घरात राग धरायलाही कुणी उरलं नव्हतं.

बोट सुटायच्या सकाळी तो अचानक उठला आणि चपला शोधायला लागला. चूक त्याचीच आहे, लेकीला म्हणाला, पण पोरगं माझंच आहे ना. लेकीने डोळे पुसत फाटक उघडलं. वेळ थोडाच होता, पण गाडी दामटली तर गाठता आलं असतं.

इंजिन सुरू झालं. फाटकातून बाहेर पडल्यावर त्याने पाय दाबला.

गाडी दोनदा खोकल्यासारखी झाली आणि गप्प झाली.

रस्ता कोरडा ठणठणीत होता. पाय अजून ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला होता. त्याने पुन्हा चावी फिरवली. इंजिन घुसमटलं आणि बसलं. तो खाली उतरला, पाइपाच्या तोंडात बोटं घालून पाहिली. काही लागलं नाही. मग त्याने वरचा एल्बो उपटून काढला. आत, वळणाशी, काहीतरी ओढलं जाऊन घट्ट बसलं होतं.

"अगं बाई," फाटकातून लेक म्हणाली, "मीच कोंबला होता तो, आईसारखा. उंदीर जातात ना आत. काढायचा राहिला."

नळवाल्याने तो ओढून बाहेर काढला. जुन्या चादरीचा बोळा होता, पिवळ्या फुलांचा.