उंबऱ्यावरचा दिवा

शेवंती धुरी घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, सारवत होती, तेवढ्यात उंबऱ्यावरचा दिवा तांबडा झाला. काल तो पिवळा होता.

डोंगरात पुरलेल्या तारा जमिनीची हालचाल नकाशाला कळवत, आणि नकाशा घरोघरच्या दिव्यांना. जुनी वाडी अशीच तांबडी झाली, सगळे बाहेर पडले आणि मागे दरड कोसळली. तेव्हापासून नकाशाच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. हा उतारही त्यानेच हिरवा, बिनधोक दाखवला होता.

"तुमचो नकाशो चुकलो, बाय," दारात आलेल्या नकाशावाल्या मॅडमना ती म्हणाली.

"नकाशा नाही चुकला, मावशी. तुम्ही आलात तेव्हा डोंगर धड होता. सपाट खळ्यासाठी प्रत्येकाने उतार कापला, त्याचा आधारच गेला."

"खळ्याशिवाय घर असता काय? चतुर्थीक भजनी खंय बसतले?" शेवंतीचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "माती परत भरली तर?"

"भरलेली माती डोंगराला धरत नाही," म्हणत मॅडमनी हातातला नकाशा पुढे धरला. आता जिथे जायचं तो पलीकडचा डोंगर त्यावर हिरवागार होता. त्या हिरव्यात मधोमध एक पिवळा ठिपका उमटला. बघता बघता शेजारी दुसरा, मग तिसरा.

शेवंतीच्या हातातलं शेण तसंच राहिलं. कालचा पिवळा दिवा बघून वाडीतले सगळे पुरुष पहाटेच तिकडे जागा धरायला गेले होते. "आधी खळा काढून घेवा, घर मागसून," असं बजावून नवऱ्याच्या खांद्यावर कुदळ तिनेच दिली होती.