अंड्याचं भांडं

लढाईच्या दिवसांत जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात बढती मिळाल्यापासून अच्युतला रविवारी गोऱ्या साहेबासारखा नाश्ता लागे: टोस्टवर उकळत्या पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं, वरून लोण्याचा सॉस. घरात अंडं चालत नसे, म्हणून त्याची बायको विनता परसात शेगडी पेटवी. पिवळं फुटलं की तो तिथेच तिला बदडून काढी.

आज पुन्हा फुटलं.

"फिर फूट गया? काहून?" त्यानं कमरेचा पट्टा उगारला.

तेवढ्यात सोवळ्यातल्या सासूबाई पूजा सोडून परसात आल्या. शेगडीवरचं पातेलं त्यांनी पदरानं धरलं आणि उकळतं पाणी लेकाच्या उगारलेल्या हातावर फेकलं. तो गुरासारखा ओरडत खाली बसला.

"विनते," त्या म्हणाल्या, "मला आंघोळीला पाणी काढ. अंड्याच्या भांड्याला शिवले मी."