डोईफोडे सरांची ज्वारी

नॉर्वेच्या कॉलेजबरोबर पहिला ऑनलाइन तास होता. डोईफोडे सरांनी महिनाभर ज्वारीवरचं व्याख्यान इंग्रजीत घोकलं होतं. पण आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग प्राचार्यांचं मनोगत. सरांनी कणीस उचललं, तोच आभार सुरू झाले आणि वेळ संपली.

"देखणा झाला कार्यक्रम!" प्राचार्य म्हणाले.

"आणि माझी ज्वारी?"

"ती काय पळून जातेय, सर?"

तिकडची मंडळी मात्र अशी भारावली, की त्यांनी सरांना नॉर्वेलाच बोलावलं. कणीस रुमालात गुंडाळून सर निघाले. तिथं कुठलं आलंय मनोगत नि आभार!

सर बोलायला उठले, तर यजमान बाईंनी समई पुढे केली. मग शाल, नारळ, नऊवारीतल्या गोऱ्या पोरींचं स्वागतगीत. आभार संपेपर्यंत बाहेर गुडघाभर बर्फ साचला आणि सभागृह बंद करायची वेळ झाली.

"तुमच्या रीतीतलं काही राहिलं नाही ना?" बाईंनी काळजीनं विचारलं.

"ज्वारी," सर म्हणाले.